दोन पाचरी

बटाटे काढून झाले की आमच्या नदीकाठी सगळंच सावकाश होतं. शेतं उघडी पडतात, पलीकडचा कॅनडा धुक्यात जातो, आणि घराघरांच्या तळघरात बॉयलर पहिल्यांदा पेटतो. वाफ पाइपांतून वर चढू लागली की घर झोपेत कूस बदलल्यासारखं वाजतं. जन्मभर मी लोकांच्या घरात ती वाफ खेळवली. अजून तो आवाज ऐकला की माझे डोळे जड होतात.

त्या वर्षी ओझियासचा बॉयलर गळायला लागला. ओझियास सुतार, माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याची बायको डेलिमा गुडघ्यांनी अधू. जिना चढवत नाही म्हणून तिचा पलंग खाली, मागच्या खोलीत. तिथून नदी दिसते. पण तीन हिवाळे झाले, ती खोली तापतच नव्हती. पोर्टलंडला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, रोझालीनने, फोनवर सांगून टाकलं होतं, "पपा, थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी येईन तेव्हा खोली गरम नसली, तर ममाला घेऊन जाईन. मग हिवाळ्यात परत पाठवणार नाही."

बॉयलर विकणारा माणूस येऊन गेला. तळघरात उतरला, जुन्या बॉयलरवरची पाटी वाचली आणि म्हणाला, याहून मोठा घ्या. ओझियासला ते पटलं. मी मात्र खोल्याखोल्यांतून फिरलो आणि वाफेने तापणाऱ्या प्रत्येक लोखंडी रेडिएटरच्या बरगड्या मोजल्या. मोजताना मध्येच विसरलो, कारण डेलिमाच्या खिडकीबाहेर पहिला बर्फ उतरत होता आणि नदी तो एकेक कण गिळत होती. मग पुन्हा मोजल्या.

"लहान घे," मी म्हणालो.

"खोली गारठलीय, आणि तू म्हणतोस लहान घे? तादे, म्हातारा झालास रे तू!"

"तुझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहानच आहे. अरे, मोठा बॉयलर भसकन पेटतो, जवळच्या खोल्या भाजून काढतो, आणि वाफ मागे पोचायच्या आत विझतो. पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो. तेल जातं ते वेगळंच. घरात रेडिएटर जेवढे, तेवढ्यांना पुरेल असाच घ्यायचा."

त्याने कुरकुरत लहान घेतला. गावातल्या पोरांनी तो बसवला. पेटवल्यावर समोरच्या खोल्या अर्ध्या तासात उबेने भरल्या, अगदी मऊ, धग न लागणारी ऊब. आणि मागच्या खोलीत रेडिएटर थंडच. वर पाइपात ठण ठण सुरू झालं.

डेलिमा पेंगत होती. डोळे न उघडताच म्हणाली, "कुणीतरी दार ठोठावतंय. घ्या की त्याला आत."

"कुणी नाही गं," ओझियास म्हणाला. पण त्याचा चेहरा पडला होता.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी दुपारी रोझालीन आली. कोट न काढता तिने मागच्या खोलीत रेडिएटरवर हात ठेवला, आणि आईचे कपडे बॅगेत भरायला लागली. ओझियासने मला बोलावून घेतलं. मी आलो तोपर्यंत बॅग गाडीत गेली होती.

मी रेडिएटरपाशी खाली बसलो. फरशी लाकडाची, नवी, आरशासारखी. रेडिएटर तिच्यावर असा सरळ उभा, की सुताराच्या घरात शोभावा.

"ही फरशी कधी केलीस?"

"तीन वर्षं झाली. बघ पाणसळ लावून, केसभर फरक निघणार नाही."

"आणि याच्या पाइपापासून लांबच्या पायांखाली काय होतं?"

"सीडरच्या दोन कुजक्या पाचरी. कुणा अडाण्याने रेडिएटर तिरका ठेवला होता. दिल्या फेकून."

"तो अडाणी मी," मी म्हणालो. "तुझं लग्न झालं त्या वर्षी मीच ठेवल्या होत्या. वाफ निवली की तिचं पाणी होतं, आणि ते वाफ आली त्याच वाटेने बॉयलरकडे परत वाहायला उतार हवा. तू सरळ केलास, पाणी आत तुंबलं. वाफ येते आणि त्या पाण्यावर आपटते. का ठेवल्या ते तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तीन वर्षं मीही नुसता बॉयलरलाच दोष देत बसलो."

ओझियासने फरशीवरून हात फिरवला. "माझ्या घरात तिरकं?" तो पुटपुटला. मग त्याने डेलिमाकडे पाहिलं. तिच्या अंगावर कोट चढवून झाला होता आणि ती धुकं साचलेल्या खिडकीतून नदी शोधत होती. तो उठून शेडमध्ये गेला.

परत आला तेव्हा हातात दोन नव्या पाचरी, घासून गुळगुळीत केलेल्या. मी पहारीने रेडिएटर उचलून धरला, त्याने त्या सरकवल्या. सवयीने वर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. ओझियासने मान दुसरीकडे वळवली.

आम्ही वाट पाहिली. रोझालीन दारात, गाडीची किल्ली हातात. तुंबलेलं पाणी गुळगुळ करत गेलं. मग कोपऱ्यातल्या बारक्या झडपेतून हवा सुस्कारत बाहेर पडली, लांबच्या लांब, जणू तीन वर्षं कोंडलेली. लोखंड हळूहळू कोमट झालं, मग ऊन. काचेवरचं धुकं खालून वितळत गेलं आणि नदी पुन्हा दिसायला लागली.

"आला वाटतं आत," डेलिमा पेंगतच म्हणाली, आणि कोटाचं बटण स्वतःच काढलं.

रोझालीन गाडीकडे गेली, ती बॅग घेऊनच परत आली. "पपा, मला भूक लागलीय," एवढंच म्हणाली. ओझियासने बकव्हीटच्या पिठाचे घावन टाकले.

आता दर रविवारी चर्चहून येताना मी त्यांच्या तळघरात उतरतो, बॉयलरमधलं गंजाने तांबूस झालेलं पाणी बादलीभर सोडतो, त्याच्या काचेच्या नळीत पाणी कुठवर आहे ते पाहतो. वर ओझियासने रेडिएटरवर बाजूंच्या पायांवर एक फळी बसवली आहे, ऊब यावी म्हणून समोरून मोकळी. आतला रेडिएटर तिरका, वरची फळी मात्र सरळ. त्या फळीवर डेलिमाचा चहाचा कप असतो, आणि त्यातला चहा सांडत नाही.