बॅटरीची पट्टी

लायल ज्या भोकातून आत शिरला होता, त्याच भोकातून त्याला बाहेर येता येईना.

बोटीच्या मागच्या बाजूला, सुकाणूजवळच्या बाकाचं झाकण उचललं की खाली एक खोल कपाट होतं. त्यात दोरखंड, बादल्या, जुनी जाकिटं असा पसारा असे. तो बाहेर काढून, पोटावर सरपटत पुढं गेलं की माणूस कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीच्या, जमिनीखाली पोचायचा. बोट पुढं ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बोटीच्या तळाबाहेर जातो ती जागा तिथंच होती. पाणी अडवायला दांड्याभोवती ठासलेली पॅकिंग गळत होती. थोडं पाणी टपकायलाच हवं, पण हे टपकणं थोडं राहिलं नव्हतं. सकाळी नांगर टाकलेल्या खाडीत वारा नव्हता, म्हणून लायलने म्हटलं, आजच करून टाकू.

आत जाताना हात पुढे होते, तो मासोळीसारखा गेला. मागे सरकताना मात्र खांदा वर कुठल्यातरी टणक लाकडात अडला. त्याने चाचपून पाहिलं. मागच्या हिवाळ्यात त्याने स्वतः बसवलेल्या जास्तीच्या बॅटरीची ती पट्टी होती. लाटेत बॅटरी सरकू नये म्हणून फळीच्या कडेला त्याने ओक लाकडाची जाड पट्टी लावली होती आणि ती नको तितकी खाली लोंबत होती. तेव्हा त्याने बॅटरी मोजली होती, फळी मोजली होती. स्वतःला मोजायचं राहून गेलं होतं.

"चहा झालाय रे," वरून त्याच्या बायकोचा, डोरीनचा आवाज आला. "निवतोय."

"येतोच," लायल म्हणाला.

तो येत नव्हता. त्याने श्वास सोडून छाती बारीक करून पाहिली, कूस बदलून पाहिली. सदरा वर गुंडाळला गेला आणि उघड्या पोटाला तळाचं गार फायबर लागलं. मग तो पट्टीचे बोल्ट सोडवायला गेला. पान्यात नट धरला न धरला तोच उजवा हात थरथरला आणि पाना खणकन खाली पडला. त्याने तो शोधला, पुन्हा धरला. पुन्हा पडला.

"काय पाडतोयस खाली?"

"काही नाही. पाना निसरडा आहे."

हात थरथरतो हे लायलने कुणालाही सांगितलं नव्हतं. सुरुवातीला त्याने थंडीवर ढकललं, मग कॉफीवर. कपात चहा अर्धाच ओतून घ्यायची सवय त्याने लावून घेतली. समुद्राच्या नकाशावरच्या रेघा तो डोरीन झोपल्यावर ओढू लागला. कारण साधं होतं. कॅमलूप्स शहरात त्यांच्या मुलीने, हॉलीने, तळघरातली खोली रंगवून ठेवली होती. दर फोनवर तिचा विषय निघायचा. हात थरथरतो हे डोरीनला कळलं तर बोट विकायची, आणि बोट विकली की ती खोली. घर विकून ही बोट, 'कर्ल्यू', घेतली होती. आता तिच्याबाहेर दुसरं काहीच शिल्लक नव्हतं. पडदे लावलेली, जमिनीच्या पातळीला खिडकी असलेली ती खोली त्याला स्वप्नात दिसायची. इथं, पोटावर पडून, नाकाला डिझेलचा वास येत असतानाही त्याला ती इथल्यापेक्षा अरुंद वाटत होती.

एवढ्यात वर रीळ किरकिरलं. सकाळी मागे सोडून ठेवलेल्या गळाला काहीतरी लागलं होतं.

"लायल, मासा. मोठा दिसतोय. ये की बाहेर."

आता दुसरं काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं.

"मला येता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अडकलोय."

वर डोरीन हसली. जोरात नाही, पण लायलला ऐकू जाईल इतपत. "कप्तानसाहेब स्वतःच्या बोटीत अडकले. बरं झालं, एक तरी दिवस तू कुठं आहेस ते मला पक्कं माहीत असेल. थांब, आधी याला बघते."

लायल वाट पाहत पडून राहिला. रिळाचा आवाज तुटक तुटक येत होता, मधे तिचं पुटपुटणं. मग जाळीचा आवाज, आणि त्याच्या डोक्यावरच्या जमिनीवर धप्प झालं. मासा आपटत होता, थेट त्याच्या कानावर आपटल्यासारखा.

"कॉड आहे. केवढा जबडा याचा. मी दोर कापून सोडून देते त्याला."

"गळ कुठं लागलाय?"

"दिसत नाही. पार आत गेलाय. आणि कल्ल्यातून रक्त येतंय."

"मग सोडू नकोस. सोडलास तर दिवसभर तडफडून मरेल."

या कामाची वाटणी दोघांमध्ये फार पूर्वीच ठरली होती. मासा ओढायचा तिने, शिजवायचा तिने, मारायचा लायलने. ती तेवढा वेळ समुद्राकडे तोंड करून उभी राहायची.

"ओला टॉवेल घाल त्याच्या डोळ्यांवर," लायल म्हणाला. "अंधार झाला की तो शांत होतो."

"घातला."

"दंडुका बाकाच्या कडेला अडकवलाय. डोळ्यांच्या जरा मागे, डोक्याच्या मधोमध. अर्धवट मारू नकोस. त्याला वाईट वाटेल म्हणून हात आखडता घेतलास तर त्याचेच हाल होतील."

"मला माहीत आहे कसं मारायचं," डोरीन म्हणाली, आणि तिचा आवाज आता हसरा नव्हता. "इतकी वर्षं ऐकतेय मी."

आपटणं थांबलं होतं. लायल तोंडावर हात धरून पडला होता. वर तिची पावलं सरकली, गुडघा टेकल्याचा आवाज आला. मग एकच घाव. त्याच्या कवटीतून आरपार गेल्यासारखा. त्यानंतर काहीच नाही.

"झालं?"

"झालं."

"डोळा बघ. मासा कुशीवर फिरव. डोळा सरळच राहायला धडपडतो का?"

"नाही. त्याच्याबरोबरच फिरतोय."

"मग गेला. आता कल्ले काप आणि बादलीत डोकं खाली करून ठेव. रक्त जाऊ दे."

सुरीचा आवाज, पाण्याचा आवाज. बऱ्याच वेळाने कपाटाच्या तोंडाशी उजेड बुजला. डोरीन तिथं येऊन बसली होती. काखेखालून मागे पाहिल्यावर लायलला तिची पावलं दिसली, मासळीच्या खवल्यांनी चकाकणारी.

"पट्टीचे बोल्ट सोडवायला हवेत," तो म्हणाला. "डोकी झोपायच्या खोलीतल्या फळीत आहेत. नट माझ्या बाजूला. तू तिकडून फिरव, मी इथं धरतो."

"तू धरतोस," डोरीन म्हणाली. ती उठली नाही. "हात कधीपासून, लायल?"

त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. पण तोंड लपवायला जागा नव्हती, आणि पाठ फिरवून डेकवर निघून जायलाही नव्हती.

"मागच्या पानगळीपासून. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मागच्या सॅमनला तू किती घाव घातलेस? मी पाठ फिरवून उभी असते, बहिरी नसते. त्या माशाला दिलेला प्रत्येक घाव मी मोजला. आणि वर तू म्हणालास, डोकं टणक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. आणि," ती थांबली, "बोललं की हॉलीकडे जावं लागेल म्हणून. तुला काय वाटलं, मला तिथं जायची हौस आहे? त्या खोलीत तुझ्या घोरण्याला जायलाही वाट नाही."

लायलला हसू आलं, पण छातीला जागा नव्हती, खोकलाच आला.

"मग जाऊ नये," तो म्हणाला.

"ते तू ठरवणार नाहीस, आणि मीही नाही. कॅम्पबेल रिव्हर गावात डॉक्टर आहे, तो सांगेल. पार्किन्सन असेल, नाहीतर नुसतं म्हातारपण असेल. पण ही लपवाछपवी मला बोटीवर नको. आधी डॉक्टरकडे यायचं कबूल कर. मग पक्कड घेऊन येते."

"आत्ता? मी अडकलेला असताना?"

"बाहेर असलास की तू नांगर तपासायला जातोस."

ते खरं होतं. त्याने डोळे मिटले. तळाशी पॅकिंगमधून पाणी टपकत होतं. डॉक्टर म्हणजे कागद, कागद म्हणजे हॉली. पुढची सगळी वाट त्याला एकापुढं एक दारं असलेल्या बोळासारखी दिसत होती, आणि त्यातलं एकही दार मागे उघडत नव्हतं.

"कबूल," तो म्हणाला.

डोरीनने लॉक होणारी पक्कड आणली. अर्धी आत शिरून, त्याच्या पाठीवरून हात लांबवून ती एकेका नटावर चावून बसवली आणि दर वेळी झोपायच्या खोलीत जाऊन बोल्ट फिरवला. पट्टी सुटून त्याच्या मानेजवळ पडली. तो मागे सरकला, आधी गुडघे, मग कंबर, मग डोकं. बाहेरचा उजेड डोळ्यांत खुपला. बादलीत मासा निवांत होता, पाणी गुलाबी झालं होतं.

"पॅकिंग राहिलीच," तो म्हणाला.

डोरीनने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग स्वेटर काढून ठेवला. ती त्याच्यापेक्षा बारीक होती. पट्टी नसलेल्या जागेतून ती सहज आत गेली आणि तिचे पाय तेवढे बाहेर राहिले.

"नट किती फिरवू?"

"जरासाच. टपकायचं पूर्ण थांबायला नको. पूर्ण थांबलं तर दांडा तापतो."

"दिसत नाही रे काही."

लायलने हुकावरचा टॉर्च उतरवला आणि उजव्या हाताने कपाटात आत धरला. उजेडाचा गोल आतल्या भिंतीवर थरथरू लागला, दांड्यावरून नळ्यांवर, नळ्यांवरून तिच्या हातांवर. थरथर लपवायला तो सवयीने डावा हात पुढे करणार होता, पण त्याने केला नाही.

"हलतोय," तो म्हणाला.

"हलू दे," डोरीन आतून म्हणाली. "दिसतंय मला. तसाच धर."