पायी आलेली भाकर

आसेगावच्या काळबांडे घराण्यात मैनाबाई आल्या, त्यांच्यामागून त्यांची सून सगुणाबाई आणि सगुणाबाईंची सून गंगूबाई. तिघींनी मिळून घराला एक रीत घालून दिली: ज्या घरी मरण झाले, त्या घरी भाकर पायी न्यावी, दारात बैलगाडी उभी असली, तरी ती तशीच सोडून निघावे. गंगूबाईंची सून चतुराबाई. वय पंचाहत्तरीला टेकलेले. आवाज मात्र अजून बांधापलीकडे पोचणारा. त्या आवाजाला सारे घर भीत असे. फक्त मनगटावरचा पट्टा भीत नव्हता.

गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर नात वैष्णवीने तो रबरी पट्टा आजीच्या डाव्या हाताला बांधला. तो पावले मोजायचा. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा एका दिवसात भरला, तरच आजीने गल्लीबाहेर जायचे. तोवर घर ते मारोतीचे देऊळ एवढीच हद्द. हे फर्मान मुलाचे, भागवतचे. ज्या घरात आजवर फर्माने आपण काढली, त्याच घरात दुसऱ्याचे फर्मान पाळण्याची पाळी चतुराबाईंवर आली होती.

तेही त्यांनी सोसले असते. पण सोमवारी नाल्यापलीकडच्या विमलबाईंचे यजमान उकंडराव वारले. विमलबाईंच्या घशाखाली चहापलीकडे काही उतरत नाही, अशी बातमी होती. रविवारी पुण्यानुमोदन, म्हणजे मृतासाठीचा बौद्ध विधी, आणि तो आटोपला की मुलगा संघदीप आईला कायमचे नागपूरला नेणार होता.

भागवत पाळण्यात असताना चतुराबाईंचे कुंकू पुसले गेले, तेव्हा भावकी दारात जमली. भाकर मात्र कुणी आणली नाही. आणली ती विमलबाईंनी, गुडघाभर चिखल तुडवत. रीत घालून देणाऱ्या गंगूबाईच उंबरठ्यात आडव्या झाल्या. नाल्यापलीकडच्या वस्तीतली भाकर त्यांना घरात नको होती. चतुराबाईंनी आडव्या उभ्या सासूच्या कडेने हात बाहेर काढला, भाकर घेतली आणि तिथेच उंबरठ्यावर बसून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. फेडण्याची वेळ कधीच येऊ नये असे वाटावे, असे ते ऋण होते. आता वेळ आली होती आणि पट्टा सोडत नव्हता.

देवळाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. गुडघा ठणकू लागला, पण आकडा जागचा हलेना.

"वैष्णवे, हे तुहं यंत्र आंधळं हाय काय? चारदा देवळाले जाऊन आली मी!"

"आजी, तू डाव्या हातानं पदर धरून चालून राह्यली. हात हलला तरच थे पाऊल मोजते. पदर सोड ना."

"माहे भासरे मारोतराव ओट्यावर बसले असतात. थोरल्या दिरापुढून पदर सोडून जाऊ?"

"त्यायले मोतीबिंदू हाय. दिसतच नाही त्यायले."

"मले दिसते ना!"

"मंग उजव्या हाताले बांधू?"

"त्या हातात काठी हाय. काठी काय नाचवत जाऊ गावातून?"

शनिवारी त्यांनी देवळाचे नावच टाकले आणि सूप घेऊन तुरीची डाळ पाखडायला बसल्या. सारा संताप सुपावर निघाला. कोंडा उडत होता, डाळ आपटत होती. दुपारी पट्टा एकदम थरथरला. भागवत मोबाइल नाचवत अंगणात आला.

"माय, भरला तुहा आकडा! जाय उद्या विमलमावशीकडे. मी गाडीत नेऊन सोडतो."

चतुराबाईंनी सूप खाली ठेवले. "भागवत, मी सकाळपासून जागची उठली नाही."

"मंग हे कसं?"

"हे डाळीचं हाय. पाखडलेल्या डाळीच्या जिवावर मी दुःखाच्या दारी जाऊ?"

"म्हणजे जात नाही तू?"

"जातो म्हंजे जातोच. पण या पट्ट्याच्या हुकमानं नाही. या घरात हुकूम कोणाचा चालते, थे त्याले सांगून ठेव. अन् गाडी राहू दे जागेवर."

भागवतने गाडीची किल्ली खुंटीला अडकवली.

रविवारी सकाळी चतुराबाई निघाल्या. उजव्या हातात काठी, डाव्या हाताने छातीशी धरलेली फडक्यातली भाकर आणि पिठले. पाण्याची बाटली घेऊन वैष्णवी मागे चालत होती. पुढे येण्याची तिला परवानगी नव्हती. नाल्याच्या पुलावर गुडघ्यात अशी कळ उठली की डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्यावर बसून त्यांनी गुडघ्याला, डॉक्टरांना आणि पट्ट्याला क्रमाने शिव्या घातल्या, आणि त्या पुन्हा उठल्या.

विमलबाई दारातच बसल्या होत्या. "काहून आली वं माय, अशा पायानं? फोन केला असता तं संघदीप गाडी घेऊन आला असता."

"तू गाडीनं आली होती काय?"

विमलबाईंनी बाजूला सरकून जागा केली. चतुराबाई कण्हत त्यांच्या शेजारी टेकल्या आणि फडक्याची गाठ सोडू लागल्या. तेवढ्यात पट्टा गुरगुरला.

"वैष्णवे, हे काय बोलून राह्यलं?"

वैष्णवीने वाकून पट्टा वाचला. "भाकर धरलेला हात हललाच नाही ना, आजी. म्हणते, लई वेळची बसून हाय तू. ऊठ, जरा चाल."

सहा दिवसांत पहिल्यांदा विमलबाईंना हसू आले. पदर तोंडाला लावूनही ते लपले नाही, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. चतुराबाईंनी काही समजूत घातली नाही. भाकर मोडली, पिठल्यात बुडवली आणि घास त्यांच्या ओठांशी नेला.

"खाय. माह्यासारखी पुरी खाय."

विमलबाईंनी उंबरठ्यावर बसून शेवटच्या तुकड्यापर्यंत भाकर खाल्ली. चतुराबाईंनी रिकामे फडके झटकले, घडी करून कमरेला खोचले. काळबांड्यांच्या घरचे देणे फिटले होते.