गोळी उतरेपर्यंत

"उपटून टाक म्हटलं, तर ऐकत न्हाय," कुलसुम म्हणाली. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "माझ्या किती दाढा गेल्या. अडलं काय माझं? मटणाची हाडंसुद्धा चघळते अजून."

लाइबाने गाल तळव्याने दाबून धरला. तिचं लक्ष सासूच्या मांडीवरच्या मुसअबकडे होतं. नऊ महिन्यांचं पोर बाकाची कड चाटत होतं आणि कुलसुमला त्याचं काही नव्हतं.

घरात ठरलं होतं ते असं : आज रूट कॅनल झालं तर झालं, नाहीतर दाढ काढायची. लाइबाच्या नवऱ्याने, तौहीदने, कुवेतहून फोनवर आईचीच री ओढली होती. "एका दाढेसाठी एवढं काय गं, लाइबा?" एवढं काय ते त्याला तिथून दिसणार नव्हतं. सव्विसाव्या वर्षी तोंडात खिंडार घेऊन हिंडायची तिची तयारी नव्हती, आणि श्रीवर्धनात दाढांच्या मुळांचे तज्ज्ञ डॉक्टर केतन पंधरवड्यातून एकदाच येत.

आत गेल्यावर डॉक्टर केतननी आधी एक्स-रे पाहिला. खालच्या शेवटच्या दाढेत जुनं सिमेंट खोलवर गेलेलं होतं.

"हीच दुखते?"

"हीच," लाइबाने बोट लावलं.

त्यांनी आरशाच्या दांड्याने एकेक दाढ ठोकली. खालच्या, मग वरच्याही. काहीच नाही. कापसाच्या बोळ्यावर थंडगार फवारा मारून तो लावला. नुसतं गार लागलं. दोन रात्री उशी चावून काढलेल्या बाईचं तोंड असं मुकाट कसं, हे लाइबालाच कळेना. मग कळलं, आणि तिचे कान तापले.

डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "सकाळी दुखण्याची गोळी घेतली होती का?"

"न्हाय," दारातून कुलसुम म्हणाली. "गोळीबिळी काय घेतली न्हाय तिनं."

सकाळी निघताना कुलसुमनेच कपाटातल्या कुवेतच्या पिशवीतून गोळ्या काढल्या होत्या. त्या घरातून कुणी डॉक्टरकडे निघालं की आधी तिकडची जालीम गोळी पोटात जायचीच. परक्या मर्दासमोर कण्हायचं नाही, घराण्याची लाज जाते. आणि लाइबाने, बी.एस्सी. झालेल्या लाइबाने, कळवळून एकाऐवजी दोन गिळल्या होत्या.

"घेतली," ती म्हणाली. "दोन घेतल्या."

कुलसुमचा चेहरा काळाठिक्कर पडला. सून तिला परक्यासमोर खोटी पाडत होती.

"मग आज काही सांगता यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "दाढ दुखते एक आणि बोट जातं दुसरीवर, असं फार होतं. अंदाजाने मी दाढ उघडत नाही. पुढच्या वेळी गोळी न घेता या."

"पुढची वेळ न्हाय," कुलसुम म्हणाली. "ती खालची काढून टाका आत्ता. आमच्या घरात ठरलंय."

"माझी दाढ आहे, अम्मी." लाइबा खुर्चीतून उतरली. "डॉक्टर, गोळीचा अंमल उतरेपर्यंत मी बाहेर बसते. तुम्ही आहात ना संध्याकाळपर्यंत?"

"दुखेल."

"दुखू दे."

बाहेर कुलसुमने मुसअबला खांद्यावर टाकलं. "बस मग. तुझ्या नखऱ्यापायी पोरगा उपाशी न्हाय ठेवणार मी." लाइबाने हात पुढे केले, तोवर ती रिक्षात चढली होती. मुसअबचं रडणं वळणापर्यंत ऐकू आलं.

लाइबा बसून राहिली. घरी पेज आहे, तो खाईल. पण अम्मी निववून भरवतील ना? बाकावरच्या बायका तिच्याकडे पाहून कुजबुजत होत्या. दूध दाटून छाती ठणकायला लागली, दाढ मात्र गप्प. आयुष्यात पहिल्यांदा ती दुखण्याची वाट पाहत होती आणि ते मेलं येत नव्हतं.

आलं ते दुपार कलल्यावर. आधी कानात, मग जबडाभर.

या वेळी खालच्या दाढेवर ठोकलं, काही नाही. मग डॉक्टरांनी वरच्या दाढेवर ठोकलं, आणि लाइबा अशी किंचाळली की बाहेरचे उठून उभे राहिले.

"ही वरची आहे," ते शांतपणे म्हणाले. वरच्या दाढेचा नवा एक्स-रे काढला, तोही तेच सांगत होता. "खालची धडधाकट आहे. ती काढली असती तर चांगली दाढ गेली असती आणि दुखणं तसंच राहिलं असतं."

"इंजेक्शननंतर बाळाला पाजलं तर?" तिने विचारलं. तिच्यासाठी पहिला प्रश्न हाच होता.

"खुशाल पाजा."

सुईची चुणचुण झाली, मग ओठ जड झाला. दाढेभोवती रबराचा पडदा ताणला. बारीक सुया आत फिरताना नुसती खरखर ऐकू येत होती, कळ नव्हती. सडकी नस काढून, औषध भरून त्यांनी वर कच्चं सिमेंट बसवलं. "दोन-तीन दिवस चावताना ठणकेल. त्या बाजूने खाऊ नका. पुढच्या वेळी मुळं भरू, मग वर कॅप. चेहरा सुजला किंवा ताप आला, तर थांबू नका, लगेच या दवाखान्याच्या डॉक्टर विनिता मॅडमना फोन करा."

घरी कुलसुम ओट्यावरच बसली होती. मुसअबच्या गालावर पेज वाळली होती. तिने त्याला लाइबाच्या हातात जवळजवळ टाकलंच.

"काढली?"

"वलची होती, अम्मी," सुन्न ओठातून लाइबा म्हणाली. "खालची नव्हतीच."

कुलसुमने उठून पदर झटकला. "परत कधी बोलावलंय?"

"पुढच्या खेपेला."

"मी न्हाय सांभाळणार पोरगा. सांगून ठेवते."

लाइबाने मुसअबला छातीशी घेतलं. तो अधाशासारखा ओढू लागला.

"नका सांभाळू," ती म्हणाली. "मी त्याला घेऊन जाईन."