कमी काय हाय आमाला

सोफा दारातून आत जाईना. यमुनाबाईंनी शेजारच्या शेफालीच्या नवऱ्याला तो आडवा, उभा, तिरका सगळा धरायला लावला, शेवटी दाराची फळी बिजागरीतून काढायला लावली, पण सोफा घरात आणलाच. टीव्ही आधीच आला होता. हातात शेफालीच्याच पाटल्या होत्या. वारज्याच्या त्या दीड खोलीत आता उभं राहायला जागा नव्हती, पण घर कसं भरल्यासारखं दिसत होतं.

मुलगा बुद्धभूषण खराडीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, हा काय मुलगी बघायचा कार्यक्रम आहे का? त्याची सात वर्षांची श्रद्धा, हृदयाला जन्मापासून भोक. दोन जिने चढली की ओठ निळे पडायचे. उन्हाळा लागायच्या आत ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एक संस्था दर वर्षी धावण्याची शर्यत भरवून अशा मुलांसाठी पैसे उभे करायची, आणि आज तिथली माणसं परिस्थिती बघायला येणार होती. घर आहे तसं दिसू दे, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पण यमुनाबाई ऐकतील तर शपथ! सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात एकच शिकवण: कुणापुढं मळकं जायचं नाही, कुणापुढं हात पसरायचा नाही. शाळेत झाडू मारायलासुद्धा बाई उभा जन्म इस्त्रीची साडी नेसून गेल्या होत्या.

संस्थेची वल्लरी आली. गोड मुलगी. सोफ्यावर बसली. मंडईतून आणलेली सफरचंदं आणि काजूकतली पुढे आल्यावर जरा संकोचली. श्रद्धाचे रिपोर्ट पाहिले, तिच्याशी गप्पा मारल्या आणि जाताजाता हळूच विचारलं, घरखर्च भागतो का.

बुद्धभूषण तोंड उघडणार तोच यमुनाबाई बोलून गेल्या, "भागतो की. कमी काय हाय आमाला?"

महिन्याभराने फोन आला. यंदा जास्त गरजू मुलांची निवड झाली, पुढच्या वर्षी पुन्हा जरूर अर्ज करा. बुद्धभूषण आईला एक शब्द बोलला नाही. बोलला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. तो मुकाट जेवायचा, ताट उचलायचा, ड्यूटीला जायचा. आपल्या तोंडानं नातीचा जीव घालवला, दुसरं काय? म्हातारी आतल्या आत जळत होती.

शर्यतीच्या रविवारी मुलगा-सून कामावर गेल्यावर त्यांनी श्रद्धाला रिक्षात घातलं आणि मैदान गाठलं. ही गर्दी! सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, सगळे धडधाकट, मुद्दाम दमायला आलेले. श्रद्धा आजीच्या कडेवरून टाळ्या वाजवत होती. सात वर्षांची पोर, पण वजन कसलं ते नाही.

वल्लरी दिसली तशी यमुनाबाईंनी तिला बाजूला घेतलं. असं बोलायची वेळ जन्मात आली नव्हती.

"ताई, तो सोफा आमचा नव्हता. टीव्ही बी नव्हता, पाटल्या बी नव्हत्या. घरात काय बी न्हाई. मी खोटं बोलले."

वल्लरीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "आजी, तेव्हा का नाही सांगितलंत? आता मुलं ठरली. हॉस्पिटलला कळवलंसुद्धा." पुढच्या वर्षी मात्र नक्की, असं ती म्हणाली आणि म्हणताना तिने मान खाली घातली. पुढचं वर्ष श्रद्धाला दिसणार नाही, हे दोघींनाही कळत होतं.

काय करावं ते न सुचून वल्लरीने शेजारच्या टेबलावरून गरम उपम्याची प्लेट उचलली आणि पोरीपुढे धरली. घरात सकाळपासून गॅस पेटला नव्हता. घे गं बाळ, असं यमुनाबाई म्हणणार होत्या. अगदी ओठांवर आलं होतं.

श्रद्धाने उपम्याकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको मावशी," ती म्हणाली, "आम्ही घरून जेवून आलोय."