कुठेच न लागणारी किल्ली

बायकोच्या जुडग्यात एक किल्ली जास्त आहे, हे किल्लीवाल्याला मंगळवारी सकाळी कळलं. जुडग्याची कडी सैल झाली म्हणून ती दुकानात आली होती. पक्कडीने कडी दाबताना त्याने सवयीने किल्ल्या पाहिल्या: पुढच्या दाराची, मागच्या दाराची, कपाटाची. चौथी पितळेची, जुनी. त्यानेच कापलेली, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. तीही पुढच्या दाराचीच, पण सहा वर्षांपूर्वीची.

मुलगा घर सोडून गेला त्याच आठवड्यात त्याने त्या कुलपातल्या पिना बदलल्या होत्या. तेव्हापासून जुनी किल्ली आत गेली असती, पण फिरली नसती.

"ही कशाला ठेवलीस?"

"असू दे हो." तिने हात पुढे केला. "झालं का? भाजी चिरून तशीच ठेवलीय."

ती गेली. जुडगं तिने ओढून घेतलं तेव्हा त्याला एवढंच दिसलं की जुन्या किल्लीचा गोल माथा लखलखत होता.

सहा वर्षं पडून राहिलेलं पितळ काळवंडतं. हे चमकत होतं. तीस वर्षांच्या धंद्यात त्याने कशावर डोळे मिटून विश्वास ठेवला असेल तर एवढ्यावरच: चमकणारी किल्ली वापरातली असते, आणि वापरातल्या किल्लीला कुठेतरी कुलूप असतं. जुन्या किल्लीने उघडेल असं नवं कुलूप जुळवणं मुलाच्या डाव्या हातचा मळ होता; बापानेच शिकवलं होतं. म्हणजे मुलगा याच शहरात होता, त्याच्या खोलीला दार होतं, आणि त्या दाराची किल्ली आईच्या जुडग्यात होती.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. मुलाची गादी तिने दोनदा उन्हात टाकली होती. बाजारातून नऊ नंबरच्या चपला आणल्या होत्या. घरात नऊ नंबरचा पाय कुणाचाच उरला नव्हता. शिवाय अलीकडे ती खुशीत असायची. "प्रार्थनेला जाते," म्हणून दर बुधवारी तीनला बाहेर पडायची, ती पाचला परतायची. प्रार्थनाघर दहा मिनिटांवर. दोन तास कसली प्रार्थना?

"चेहरा का पडलाय?" शेजारच्या घड्याळवाल्याने विचारलं. "स्वतःच्याच घराची किल्ली हरवली की काय?"

"तुझं घड्याळ बघ. पाच मिनिटं मागे आहे."

"माझं मागे नाही, तू पुढे पळतोयस. तुझ्या डोक्यात नेहमी चोर असतो, बाबा."

बुधवारी पावणेतीनला त्याने दुकानाची फळी लावली आणि औषधाच्या दुकानाआड उभा राहिला. ती आली. हातात पिशवी. पिशवीत डबा असणार, त्याने ताडलं. तीस पावलं मागे राहून तो चालू लागला. ती कुठे वळली नाही, कुणाशी बोलली नाही, थेट प्रार्थनाघरात शिरली. मागे दुसरं दार आहे हे त्याला ठाऊक होतं. तिथलं कुलूप त्यानेच बसवलं होतं. धावत गल्लीतून तो मागे गेला. दार आतून बंद. वीस मिनिटं तो उन्हात उभा राहिला. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.

शेवटी पुढच्या दाराने तो आत गेला. बाकं रिकामी होती. तिसऱ्या बाकावर ती एकटीच, डोळे मिटून. मुठीत जुडगं. अंगठा किल्लीच्या माथ्यावरून फिरत होता, सावकाश, पुन्हा पुन्हा.

तो शेजारी बसला. तिने डोळे उघडले.

"माग काढलात ना? पिशवीत बघायचंय? साबण आहे आणि सुतळी."

"तो कुठे राहतो?"

"कोण?"

"वेड पांघरू नकोस. ही किल्ली कुठे लागते?"

"कुठेच नाही." ती जरा हसली. "तुम्हीच तर बंद केलीत."

त्याने जुडगं घेतलं आणि काल पाहायला हवं होतं ते आज पाहिलं. माथा आरशासारखा, पण दाते काळे. खाचांमध्ये हिरवट थर. ही किल्ली सहा वर्षांत कोणत्याही कुलपात गेली नव्हती. एखाद्या नवशिक्याने ही चूक केली असती तर त्याने त्याला दिवसभर सुनावलं असतं.

"मग गादी, चपला?"

"मागच्या वर्षी इथं वाचनात आलं, की दूर गेलेल्या लेकरांना देव घरी आणील. ते वचन मी आपल्यासाठी धरलं. त्या दिवसापासून मागणं थांबवलंय. आता नुसते आभार मानते."

"कशाचे? पत्र नाही, फोन नाही!"

"देवाने सांगितलंय ना."

"पुरावा काय?"

"तुम्ही पोरालाही हेच विचारलं होतंत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. एका गिऱ्हाइकाचं कपाट उघडून कुणीतरी चोरी केली होती, आणि त्या कपाटाची किल्ली मुलाने कापली होती. मुलगा म्हणाला होता, मी नाही. एवढंच म्हणाला होता.

"आणि आला, आणि किल्ली लागली नाही तर?" त्याने विचारलं. "त्याच्याजवळही हीच असेल. हे देवाला सांगितलंस?"

"कुलपासाठी देवाला कशाला सांगायचं? घरात किल्लीवाला आहे."

तो उठला. जुडग्यातून जुनी किल्ली काढायला लागला, मग थांबला आणि जुडगं तिला परत दिलं. त्या किल्लीच्या खाचा त्याला पाठ होत्या.

घरी जाऊन त्याने कुलूप दारातून काढलं, जेवणाच्या टेबलावर फडकं पसरून उघडलं. चिमट्याने पाच पिना काढल्या, जुन्या मापाच्या पाच बसवल्या. हात सराईत होते, मन नव्हतं. कदाचित तो दुसऱ्या देशात असेल. कदाचित कपाट त्यानेच उघडलं असेल. तरी एकेक पीन बसत गेली. कुलूप परत दारात लावून त्याने बाहेरून दार ओढलं आणि पायरीवर बसला. आता त्याच्या खिशातली किल्ली निरुपयोगी होती.

पाचला ती आली. नेहमीची किल्ली लावली. फिरली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"दुसरी लाव."

काळे दाते करकरत आत गेले. किल्ली जडच फिरली, पण फिरली.

"तो येईल असं मी म्हणत नाही हं," तो म्हणाला.

"मी कुठे म्हणा म्हटलं?" तिने किल्ली त्याच्या हातात दिली. "दाते साफ करा, आणि तुमच्यासाठी एक कापून घ्या."