डावा खांदा

जीन्सवर काय घालायचं, हा प्रश्न आमच्या जवाहरनगरात मी सोडवते. पंजाबी ड्रेस घातला तर पोरगी लग्नाला निघाल्यासारखी दिसते, टी-शर्ट घातला तर दळण आणायला. वाढदिवस असो, साखरपुडा असो, मैत्रिणींचं जेवण असो, हवं असतं मधलं काहीतरी. मग खाली साधी जीन्स आणि वर एकच गोष्ट भारीतली. कापड भारी असेल तर गळा साधा ठेवायचा, गळ्याला काम असेल तर कापड साधं. हे मला कुणी शिकवलं नाही. शिवणक्लासला मी गेलेच नाही, लोकांचे जुने ब्लाउज उसवून उसवून शिकले. म्हणून तुझं शिवण्यापेक्षा उसवणंच चांगलं, असं नवरा म्हणतो.

हर्षा आली ती भर दुपारी, एकटी. हातात कागदात गुंडाळलेलं कोसा रेशमाचं कापड, मधाच्या रंगाचं. पहिल्या पगारातून स्वतः विणकरांच्या आंधळगावला जाऊन आणलेलं.

"काकू, माह्या मैत्रिणीचं, प्रतिक्षाचं लग्न ठरलं. रविवारी आमची पोरींची पार्टी आहे, भंडाऱ्याले. जीन्सवर घालाले काही शिवून द्या ना."

"कोणत्या जीन्सवर?"

तिनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "हीच. दुसरी कुठी आहे?"

जीन्स खाली दोनदा दुमडलेली होती. ती अंजूची, हे मला विचारायची गरज नव्हती.

अंजू म्हणजे हर्षाची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी सिकलसेलच्या आजारानं गेली. गेलेल्या माणसाचे कपडे लोक देऊन टाकतात, नाहीतर नदीत सोडतात. त्यांच्या आईनं, मंगलाबाईंनी, अंजूचा एक रुमालसुद्धा घराबाहेर जाऊ दिला नाही. सगळं हर्षाच्या अंगावर आलं. उंची सोडली तर दोघींची अंगं सारखीच. एवढंच, की लहानपणी सायकलवरून पडल्यापासून अंजूचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला होता. तिच्या शाळेच्या गणवेशापासून मी तो अर्धा इंच सांभाळून कापत आले.

"माह्या मापाचं शिवजा काकू," हर्षा म्हणाली. हसत म्हणाली, पण टेप लावताना तिचा दंड कडक लागला. "घरात माह्या मापाचं काहीच नाही. पुढच्या महिन्यात मी वयानं तिच्याहून मोठी होऊन राहिली, तरी आई मले तिचेच कपडे घालून पायते."

"तुझ्याच मापाचं शिवते, पोट्टी."

मी माप घेतलं, वहीत तिच्या पानावर लिहिलं. आणि शुक्रवारी कोसा कापायला बसले तेव्हा वही उघडलीच नाही. इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं, हाताला सगळं ठाऊक आहे, असा मला माज.

शनिवारी ट्रायलला आल्या त्या मायलेकी. मंगलाबाई खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. हर्षा पडद्यामागून बाहेर आली. साधा गोल गळा, लांबी बरोबर कमरेच्या हाडाखाली. अंग उजळून निघालं होतं. फक्त डावीकडे, गळ्यापासून बाहीच्या मुंढ्यापर्यंत कापडाला ओढ बसली होती.

मी खडू हातात घेतला आणि तिथंच थांबले. माझ्या हातानं अंजूचा टॉप शिवला होता.

"काकू, इथं तंग होऊन राहिलं," हर्षा म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं.

मंगलाबाईंना कळलं. त्या खुर्चीवरून उठल्या. "राहू द्या, ताई. काही करू नोका. असंच राहू द्या."

"अवो आई, हात वर होत नाही माहा!"

"कायले करतं हात वर? भांडाले जाऊन राहिली का पार्टीले?"

हर्षानं आरशातून आईकडे पाहिलं. आईची नजर त्या शिवणीवर होती. दोन वर्षांत त्या बाईच्या तोंडावर असा उजेड मी पाहिला नव्हता. आणि मग हर्षाचा डावा खांदा हळूच खाली आला, अर्धा इंच. कापडावरची ओढ गेली.

"आता बसलं," मंगलाबाई म्हणाल्या.

"हूक लावायचे राहिलेत. उद्या सकाळी ने," असं म्हणून मी टॉप काढून घेतला. त्या फाटकाबाहेर पडल्या आणि मी खांदा उसवला. नशीब, शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, भरपूर ठेवली होती. या वेळी वही समोर उघडी ठेवून शिवलं.

रविवारी हर्षा एकटीच आली. टॉप घातला, दोन्ही हात वर करून पाहिले, आणि लहान पोरीसारखी हसली. "आता आईले काय सांगू?"

"सांग, काकूनं बिघडवलं."

सोमवारी मंगलाबाई मोबाईल घेऊन हजर. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्यांनी फोटो पुढे केला. पाच पोरी, मधोमध हर्षा, केस मोकळे, दुमडलेली जीन्स, मधाचा कोसा. मंगलाबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. डाव्या मुंढ्याजवळ कापडाचा झोळ पडला होता. खांदा उतरलेला.

"तुम्ही उसवलं, मले समजलं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तरी पाहा."

"तुम्ही होत्या काय तिथं?"

"नाही जी. मी कायले जाऊ? पोरीच पोरी होत्या."

म्हणजे कुणासाठी उतरवला होता तिनं खांदा? त्यांनी फोटो पुन्हा लहान केला, पदरानं काच पुसली आणि गेल्या.

पंधरा दिवसांनी हर्षा दुसरं कापड घेऊन आली. मी आधी वही उघडली, तिचंच पान, पुन्हा एकदा नाव वाचलं. मग खांद्यावर टेप लावला.

"सरळ उभी राह ना, पोट्टी."

"सरळच उभी आहे, काकू."