ग्रंथालयात न गेलेली मुलगी

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘पुन्हाबघा’ म्हणत. नळीवरचं नाव, तारीख, आकडा दोनदा तपासल्याशिवाय ते कुठल्याच अहवालावर सही करत नसत. घरीही तीच तऱ्हा. दाराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरायचे आणि परत वर येऊन कुलूप ओढून पाहायचे.

अशा माणसाच्या मनात स्वतःच्या मुलीबद्दल संशय शिरला, तर?

मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली होती. प्रवेशअर्ज भरायला आठ दिवस उरले होते. कोणता विषय घ्यायचा, हे वडिलांनी ठरवूनही टाकलं होतं. संगणक! एका नावाजलेल्या सल्लागाराने तसा छापील अहवालच दिला होता. मुलगी हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. नुसतं “बघू” म्हणायची आणि सकाळी दहाला पिशवी खांद्याला लावून ग्रंथालयात जायची.

एका दुपारी कामानिमित्त वडील त्या बाजूला गेले होते, म्हणून ग्रंथालयात डोकावले. मुलगी दिसेना. ग्रंथपालांनी नोंदवही उलटून पाहिली.

“तुमची लेक? दोन आठवडे झाले, इकडे फिरकलीच नाही.”

संध्याकाळी ती घरी आल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं. “काय वाचलंस आज?”

“नेहमीचंच, बाबा.”

धडधडीत खोटं! ती हातपाय धुवायला गेली, तशी त्यांनी तिची पिशवी उघडली. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं : ‘तिसरा मजला. शेवटचा बाक. साडेअकरा. सरांना कळलंय, पण काही बोलत नाहीत.’

“कोण हा सर?” ते स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले.

“अहो, तिलाच विचारा ना सरळ!” आई म्हणाली. “पोरीची पिशवी कसली उचकता?”

“विचारलं की आणखी एक थाप मारेल. उद्या मीच बघतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली. मुलगी निघाली, तसे वीस पावलं मागे राहून तेही निघाले. वळणावर तिने मागे पाहिलं, तेव्हा ते चटकन एका दुकानाच्या फळीआड झाले. का बरं पाहिलं असेल तिने मागे? कुणी येणार होतं की काय? नाही नाही ते विचार डोक्यात घोंगावत होते.

ती एका महाविद्यालयात शिरली. तिसरा मजला चढली. एका वर्गात गेली. त्यांनी दाराच्या काचेतून आत पाहिलं.

वर्ग भरला होता. एक प्राध्यापिका हातात दगड घेऊन समजावत होत्या, की एका विहिरीला पाणी का लागतं आणि शेजारची कोरडी का राहते. शेवटच्या बाकावर त्यांची लेक मान खाली घालून भराभर लिहीत होती.

तास संपला. प्राध्यापिका बाहेर आल्या.

“मॅडम, ती मागची मुलगी तुमची विद्यार्थिनी नाही!” वडील एका दमात बोलले. “माझी मुलगी आहे. घरी खोटं सांगून येते!”

“ठाऊक आहे मला. कुठला विषय घ्यावा हे कळावं म्हणून ती एकेका वर्गात बसून पाहते आहे. खोटं बोलली हे चुकलंच तिचं. पण तिची वही वाचलीत का?”

“शेवटचं पान वाचलं.”

एव्हाना मुलगी दारात येऊन उभी होती. तिने वही पुढे केली. पहिल्याच पानावर होतं : ‘संगणक. बाबांची इच्छा आहे म्हणून चार दिवस बसले. जमेल, पण सारखं घड्याळाकडे लक्ष जातं.’ आणि पुढे : ‘भूशास्त्र. तास कधी संपला कळलंच नाही.’

“म्हणजे ते सर...”

“संगणकाचे,” ती हळूच म्हणाली. “त्यांचाही वर्ग याच मजल्यावर आहे. मी त्यांची विद्यार्थिनी नाही, हे त्यांना कळलं होतं.”

“हिने मला सगळं सांगितलंय, तुमच्या प्रयोगशाळेचं आणि त्या सल्लागाराचंही. त्याने हिच्याशी किती वेळ बोलून अहवाल दिला?” मॅडमनी विचारलं.

वडील गडबडले. “ही नव्हतीच बरोबर. मी एकटाच गेलो होतो.”

“अहो, रुग्णाचं रक्त न घेताच दिलेला अहवाल तुम्ही मान्य केला असता का?”

अरेरे! आयुष्यभर प्रत्येक कागदावर शंका घेणाऱ्या माणसाने हा एकच कागद डोळे मिटून खरा मानला होता आणि संशय घेतला तो पोटच्या पोरीवर!

“मला का नाही सांगितलंस गं?” त्यांनी लेकीला विचारलं.

“तुम्ही ऐकून घेतलं असतं, बाबा?”

त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. मग त्यांनी मॅडमना स्पष्टच विचारलं, “हे शिकून नोकरी मिळते का?” मॅडमनी दोन माजी विद्यार्थ्यांचे पत्ते दिले. बापलेक दोघांनाही जाऊन भेटले. त्यातल्या एकाने काही लपवलं नाही. पहिली दोन वर्षं उन्हातान्हात पायपीट करावी लागते, पगारही बेताचा असतो, असं तो म्हणाला. मुलीने सगळं ऐकलं, एक रात्र विचार केला आणि अर्जात पहिला विषय भूशास्त्रच लिहिला. वडिलांनी खाली सही केली.

पालकहो, मुलांच्या भवितव्याची काळजी करताना शंका जरूर घ्या. सल्लागारावर घ्या, जाहिरातींवर घ्या, स्वतःच्या हट्टावर तर आधी घ्या! पण ज्याला तो विषय जन्मभर जगायचा आहे, त्याला समोर बसवून विचारल्याशिवाय कुठलाही अर्ज भरू नका. त्याच्या मागे हेरगिरी करत चालण्यापेक्षा त्याच्याबरोबर चार दारं ठोठावलेली बरी.